कापसाचा बाजार आणि सरकारचा हात

राज्यसंस्थेनें प्रजेच्या व्यवहारांत कितपत हात घालावा, हा प्रश्न बहुधा विधिमंडळांत आणि विद्यापीठांत चर्चिला जातो. परंतु त्याची खरी परीक्षा कापसानें भरलेल्या बंडीवर होते. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यांत हिवरा आश्रम नांवाचें गांव आहे. त्याच्या भोवतालचा मुलूख वऱ्हाडचा, आणि वऱ्हाडची काळी माती म्हणजे कापसाची माती. ह्या प्रांताचा कापूस गेल्या दीडशें वर्षांत चार निरनिराळ्या व्यवस्थांतून गेला. पहिल्या व्यवस्थेंत सरकार बाजाराच्या वेशीबाहेर उभें होतें. दुसरींत तें पंच म्हणून आंत आलें. तिसरींत तेंच एकमेव गिऱ्हाईक झालें. आणि चौथींत तें पुन्हा वेशीबाहेर पडलें. सरकार किती असावें ह्या वादाचा इतका संपूर्ण आणि इतका महाग पडलेला प्रयोग महाराष्ट्रांत दुसऱ्या कोणत्याहि पिकावर झालेला नाहीं.

१८५३ च्या तहानें निजामाचा वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या व्यवस्थेखालीं आला. पुढें आठच वर्षांनीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील दक्षिणेकडील राज्यांचा कापूस बंदरांत अडकला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे डोळे हिंदुस्थानाकडे वळले. त्या काळीं मँचेस्टर शहर म्हणजे खुल्या व्यापाराचें तीर्थक्षेत्र समजलें जाई. सरकारनें व्यापारांत ढवळाढवळ करूं नये, हें तेथील व्यापाऱ्यांचें आद्य तत्त्व होतें. परंतु ह्याच मंडळींनीं १८५७ सालीं कापूस पुरवठ्यासाठीं एक संघ स्थापन केला, आणि हिंदुस्थान सरकारनें रस्ते बांधावेत, लोहमार्ग टाकावेत, भेसळ थांबवावी, असा तगादा त्यांनीं लावला. स्वतःच्या देशांत सरकारनें दूर राहावें आणि दुसऱ्याच्या देशांत त्यानें आपल्यासाठीं राबावें, असा हा दुहेरी न्याय होता.

सरकार राबलेंहि. मुंबई इलाख्यांत १८६३ सालीं कापसांतील भेसळ रोखण्यासाठीं कायदा झाला. निरीक्षकांची तपासणी व्यापाऱ्यांस जाचक वाटली, आणि अखेरीस तो कायदा रद्द झाला. लोहमार्गांचे बाबतींत प्रारंभीं खासगी कंपन्यांस भांडवलावर शेंकडा पांच टक्के व्याजाची हमी देण्याचें धोरण होतें. नफा झाला तर कंपनीचा आणि तूट आली तर प्रजेच्या माथीं, अशी ती व्यवस्था होती. लॉर्ड मेयो ह्यांच्या कारकीर्दींत सरकारनें स्वतः लोहमार्ग बांधण्याचें धोरण पुढें आलें. जलंब स्थानकापासून खामगांवपर्यंतचा सुमारें आठ मैलांचा फांटा हा अशाच सरकारी लोहमार्गांपैकीं एक होय. १८७० सालीं लॉर्ड मेयो स्वतः खामगांवास आले आणि त्यांच्या हस्तें त्या मार्गाचें उद्घाटन झालें. बुलढाणा जिल्ह्याचा कापूस आतां थेट मुंबईच्या धक्क्यावर जाऊं लागला.

मार्ग झाला, परंतु बाजार सुधारला नाहीं. शेतकरी पहाटे बंडी जुंपून बाजारांत येई. तेथें त्याचा कापूस अडत्याच्या स्वाधीन होई. अनेक बाजारांत अडत्या आणि खरेदीदार रुमालाखालीं एकमेकांचीं बोटें दाबून भाव ठरवीत, आणि ज्याचा माल त्यासच तो भाव शेवटीं कळे. मग तोलाई, हमाली, दलाली, धर्मादाय अशा नांवांनीं रक्कम कापली जाई. ओलाव्याची सबब सांगून वजनांत सूट घेतली जाई, आणि तराजू कोणाचा हें विचारण्याची सोय नसे. व्यवहार खासगी होता आणि दोन्ही पक्ष राजीखुषीनें करीत, असें अर्थशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणें म्हणतां आलें असतें. परंतु ज्याच्या घरीं सावकाराचें देणें आहे आणि ज्याची बंडी दहा कोसांवरून आली आहे, तो माल परत घेऊन जाऊं शकत नाहीं. परत जाण्याची मोकळीक ज्यास नाहीं, त्याची राजीखुषी नांवाचीच असते.

ह्या परिस्थितींतून सरकार बाजारांत शिरलें. १८८६ सालीं निजामाच्या दरबारीं असलेल्या इंग्रज रेसिडेंटाच्या हुकुमान्वयें कारंजा येथें पहिला नियंत्रित कापूस बाजार उभा राहिला, आणि १८९७ सालीं वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. बाजाराची हद्द ठरवावी, दलालांस व तोलणाऱ्यांस परवाने द्यावेत, वजनेंमापें तपासावीत, ठरल्याबाहेरची कपात बंद करावी, आणि हें सर्व पाहण्यासाठीं एक समिती असावी, असें त्याचें स्वरूप होतें. हिंदुस्थानांतील पुढच्या सर्व बाजार कायद्यांचें मूळ ह्या वऱ्हाडी कायद्यांत आहे. त्यानें भाव ठरविला नाहीं. भाव ज्या तराजूवर ठरतो, तेवढा सरळ करण्याचा यत्न केला. मात्र एक मोठें न्यून त्यांत राहिलें. समितींत शेतकऱ्यास स्थान नव्हतें. ज्याच्या रक्षणासाठीं कायदा झाला, तोच कायद्याच्या दाराबाहेर उभा राहिला. १९२८ सालीं शेतकी कमिशननें आपल्या अहवालांत ह्या न्यूनावर बोट ठेवलें. तत्पूर्वींच १९२७ च्या मुंबई इलाख्याच्या कापूस बाजार कायद्यानें उत्पादकांस समितींत जागा दिल्या होत्या.

ह्याच काळांत पुण्यास हा प्रश्न तात्त्विक पातळीवर मांडला जात होता. १८९२ सालीं न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे ह्यांनीं डेक्कन कॉलेजांत हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलें. इंग्लंडांत निघालेले अर्थशास्त्राचे सिद्धांत भूमितीच्या प्रमेयांसारखे सर्व देशांस आणि सर्व काळांस लागू पडत नाहींत, असा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. जर्मनी आणि अमेरिका ह्यांनीं आपले धंदे सरकारी संरक्षणाखालीं वाढविले; भांडवल, कसब आणि संघशक्ति ह्या तिन्हींचा तुटवडा असलेल्या देशांत सरकारनें हात आखडून बसणें म्हणजे दुर्बळास दुर्बळ ठेवणें होय, असें त्यांचें मत होतें. हें मत त्या काळच्या राज्यकर्त्यांस मानवणारें नव्हतें. खुल्या व्यापाराच्या नांवाखालीं १८८२ सालीं विलायती कापडावरील आयात जकात उठविण्यांत आली होती. १८९४ सालीं तिजोरीच्या गरजेपोटीं जकात पुन्हा बसवावी लागली, तेव्हां लँकेशायरनें गहजब केला, आणि १८९६ सालीं हिंदी गिरण्यांच्या कापडावरहि साडेतीन टक्के कर लादण्यांत आला. सरकार बाजारांत नव्हतें असें म्हणणें म्हणूनच धाडसाचें ठरेल. तें होतें, कोणाच्या बाजूनें होतें, एवढाच प्रश्न होता.

हा वाद केवळ दोन पक्षांचा नव्हता, हेंहि येथें लक्षांत घ्यावयास हवें. १८९१ सालीं संमतिवयाच्या कायद्यास लोकमान्य टिळकांनीं कडाडून विरोध केला, आणि परक्या सरकारनें हिंदूंच्या घरांत व विवाहसंस्थेंत कायद्यानें शिरूं नये, अशी भूमिका घेतली. परंतु १८९६ चा दुष्काळ पडला, तेव्हां सरकारनें आपल्याच दुष्काळ संहितेप्रमाणें कामें काढावीत आणि सारा तहकूब करावा, म्हणून ‘केसरी’नें व सार्वजनिक सभेनें रान उठविलें. ज्यास घरांत सरकार नको होतें, त्यास खळ्यावर तें हवें होतें. उलट १८८० च्या दुष्काळ कमिशनचा कल असा कीं, सरकारनें धान्याच्या खासगी व्यापारांत हात घालूं नये, फक्त कामें काढून लोकांच्या हातीं पैसा द्यावा. १८९९-१९०० च्या दुष्काळानें वऱ्हाड होरपळून निघाला, तेव्हां ह्या धोरणाची मर्यादा उघड झाली. कापूस विकून धान्य घेणाऱ्या प्रांतास पांढरें सोनें खातां येत नाहीं.

स्वातंत्र्यानंतर पारडें दुसऱ्या बाजूस झुकलें. वऱ्हाड १९५६ सालीं मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. १९६३ सालीं महाराष्ट्राचा कृषि उत्पन्न बाजार कायदा झाला, आणि बाजार समित्यांत शेतकऱ्यांचे प्रतिनिधि बसूं लागले. पण तराजू सरळ झाला तरी भाव सरळ झाला नाहीं. वेचणीच्या हंगामांत माल बाजारांत लोटे आणि भाव कोसळे. उन्हाळ्यांत तो चढे, तेव्हां माल व्यापाऱ्याच्या कोठारांत असे. ह्यावर उपाय म्हणून वसंतराव नाईक मुख्यमंत्री असतांना १९७१ सालीं कायदा झाला, आणि १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. नाईक स्वतः पुसदचे, म्हणजे कापसाच्या मुलखांतले. त्याच वर्षीं महाराष्ट्रांत भीषण दुष्काळ होता, आणि सरकारी कामांवर लक्षावधि माणसें खडी फोडीत होतीं. सरकारवरील जनतेचा भरवसा आणि सरकारची जबाबदारी हीं दोन्ही त्या वर्षीं शिगेस पोंचलीं होतीं.

योजनेचा विचार धाडसी होता. राज्यांतील सर्व कापूस सहकारी पणन महासंघामार्फत सरकारनेंच घ्यावा; खासगी व्यापाऱ्यानें तो घेऊं नये आणि परवान्याशिवाय राज्याबाहेर नेऊं नये. शेतकऱ्यास प्रारंभीं हमीचा भाव मिळावा. मग जिनिंगमध्यें सरकी आणि रुई वेगळी होऊन, रुईच्या गांठी विकल्या गेल्यावर जो नफा उरेल, त्याचा वांटा त्यास पुढें मिळावा. एरव्हीं जो नफा दलालाच्या आणि निर्यातदाराच्या पदरांत पडे, तो उत्पादकाच्या घरीं पोंचावा, हा तिचा हेतु. शेतकरी कामगार पक्षाचे प्रा. एन. डी. पाटील हे तिचे खंदे समर्थक होते. १९७८ ते १९८० ह्या काळांत सहकार खातें त्यांच्याकडे होतें. एकटा शेतकरी संघटित भांडवलासमोर उभा राहूं शकत नाहीं, म्हणून त्याच्या वतीनें राज्यानेंच सौदा केला पाहिजे, ही डाव्या विचाराची बाजू होती. रुमालाखालचे सौदे आठवणाऱ्या वृद्ध शेतकऱ्यास ती पटण्याजोगी होती.

अनुभव मात्र संमिश्र आला. ज्या वर्षीं जगांत भाव पडले, त्या वर्षीं हमीचा भाव शेतकऱ्याच्या पाठीशीं भिंतीसारखा उभा राहिला. परंतु महाराष्ट्राभोवतीं दुसरी भिंत नव्हती. बाहेर भाव चढले कीं कापूस रात्रीच्या रात्रीं गुजरात, मध्य प्रदेश आणि आंध्र ह्यांच्या हद्दींत जाई. बाहेर भाव पडले कीं तिकडचा कापूस इकडे येऊन सरकारच्या गळ्यांत पडे. म्हणजे नफ्याच्या वर्षीं सरकारच्या हातीं माल नसे आणि तोट्याच्या वर्षीं तो उतूं जाई. एका राज्यापुरत्या एकाधिकाराचा हा जन्मजात दोष होता. त्याच्या जोडीस खरेदी केंद्रांवर बंड्यांच्या रांगा लागत, प्रतवारीवरून तंटे होत, आणि चुकाऱ्यासाठीं महिनोन् महिने वाट पाहावी लागे. पूर्वीं शेतकरी अडत्याच्या ओट्यावर बसे. आतां तो ग्रेडरच्या टेबलासमोर उभा राहूं लागला. अडत्या बदलतां येत होता, ग्रेडर बदलतां येत नव्हता.

ह्या असंतोषास शरद जोशी ह्यांनीं वाचा फोडली आणि तत्त्वज्ञानहि दिलें. जन्म साताऱ्याचा, नोकरी टपाल खात्याची, पुढें स्वित्झर्लंडांतील बर्न येथील जागतिक टपाल संघटनेंत अधिकारी. ती नोकरी सोडून ते परतले आणि पुणें जिल्ह्यांतील आंबेठाण येथें कोरडवाहू शेती करूं लागले. कांदा, ऊस, तंबाखू आणि मग कापूस ह्या पिकांच्या भावासाठीं शेतकरी संघटनेनें लढे केले. १९८६ सालीं मराठवाड्यांतील सुरेगांव येथें कापूस आंदोलनावर पोलिसांनीं गोळीबार केला, आणि त्यांत शेतकरी प्राणास मुकले. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही संघटनेची घोषणा विदर्भांत घरोघरीं पोंचली. जोशी ह्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: शेतकरी गरीब आहे तो सरकार दूर राहिल्यामुळें नव्हे, निर्यातबंदी, लेव्ही आणि ऐन हंगामांतील आयात ह्यांच्या योगें सरकार त्याचा भाव पाडतें, म्हणून तो गरीब आहे. एका हातानें लुटावें आणि दुसऱ्या हातानें अनुदानाचा तुकडा टाकावा, ह्यापेक्षां दोन्ही हात काढून घ्यावेत. १९९१ च्या नोव्हेंबरांत बुलढाणा जिल्ह्यांतच, शेगांव येथें, संघटनेच्या मेळाव्यांत त्यांनीं ‘चतुरंग शेती’चा कार्यक्रम मांडला. पिकविण्यापासून प्रक्रियेपर्यंत, आणि व्यापारापासून निर्यातीपर्यंत शेतकऱ्यानेंच उतरावें, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षीं दिल्लींतहि आर्थिक धोरणाची दिशा पालटत होती. १९९४ सालीं जोशी ह्यांनीं स्वतंत्र भारत पक्ष स्थापन केला.

शेवट तोट्यानें घडवून आणला. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धांत निवडणुकांच्या आणि आंदोलनांच्या दडपणाखालीं बाजारभावाहून चढे दर जाहीर होत गेले; जगांत मात्र कापसाचे भाव घसरत होते. तूट वाढत वाढत राज्याच्या तिजोरीस न पेलणारी झाली, आणि २००२ सालीं एकाधिकार उठला. खासगी व्यापारी तीस वर्षांनीं उजळ माथ्यानें परत आला. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं देशांत बीटी कापसाच्या लागवडीस परवानगी मिळाली. बियाण्याचा खर्च वाढला, उत्पन्नाची आशा वाढली, आणि पाऊस न पडल्यास होणारा तोटाहि वाढला. पुढच्या वर्षांत विदर्भांतील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या वार्तांनीं देश हादरला. २००६ सालीं पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भांत आले, आणि सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटि रुपयांची योजना जाहीर झाली. त्या सहांत बुलढाणा होता. २००८ सालीं देशव्यापी कर्जमाफी आली. बाजाराच्या दारानें बाहेर पडलेलें सरकार अशा रीतीनें चारच वर्षांत सांत्वनाच्या दारानें परत आलें.

दोन्ही पक्ष ह्या घटनाक्रमांतून आपापला निष्कर्ष काढतात. सरकार गेलें म्हणून शेतकरी उघड्यावर पडला, असें एक पक्ष म्हणतो. सरकार पुरतें गेलेंच नाहीं, निर्यातीचा आणि आयातीचा दोर त्यानें हातांतच ठेवला, असें दुसरा म्हणतो. २०२० सालीं केंद्र सरकारनें बाजार समितीबाहेर खरेदीविक्रीस मोकळीक देणारे कायदे केले, तेव्हां हाच वाद देशभर पेटला. पंजाब-हरियाणांतील शेतकरी त्यांविरुद्ध दिल्लीच्या सीमेवर वर्षभर बसले. महाराष्ट्रांतील शेतकरी संघटनेच्या अनुयायांनीं त्यांचें स्वागत केलें. २०२१ च्या नोव्हेंबरांत ते कायदे मागें घेण्यांत आले. एकाच धंद्यांतील दोन प्रांतांचें मत इतकें भिन्न कां, ह्याचें एक उत्तर त्यांच्या अनुभवांत आहे. पंजाबच्या गव्हास सरकारी गिऱ्हाईक दरवर्षीं बिनचूक मिळालें. वऱ्हाडच्या कापसास सरकारी गिऱ्हाईक मिळालें तें रांगेसह आणि थकलेल्या चुकाऱ्यासह. तत्त्व एकच असलें तरी माणूस मत देतो तें आपल्या अनुभवाला स्मरून.

ह्या ठिकाणीं हिवरा आश्रमाकडे पुन्हा पाहणें उद्बोधक ठरेल. तेथें शुकदास महाराजांनीं १९६५ सालीं विवेकानंद आश्रम स्थापन केला. लोकांच्या वर्गणींतून आणि श्रमांतून तेथें शाळा उभ्या राहिल्या, रुग्णसेवा सुरू झाली. विवेकानंद जयंतीच्या उत्सवांत लक्षावधि लोक शेतांत पंगतीनें बसून पुरी-भाजीचा प्रसाद घेतात, आणि तो वाढण्याचें काम गांवोगांवचे लोक करतात. सरकार आणि बाजार ह्यांखेरीज समाज नांवाची तिसरी शक्ति आहे, ह्याचें हें दृश्य उदाहरण होय. परंतु तिचीहि मर्यादा स्पष्ट आहे. पंगत लक्ष माणसांस जेवूं घालते. ती कापसाचा भाव ठरवूं शकत नाहीं, खोटा तराजू जप्त करूं शकत नाहीं, आणि निर्यातीचा हुकूम फिरवूं शकत नाहीं. तीं कामें ज्याच्या हातीं दंडशक्ति आहे, त्यासच करावीं लागतात.

तेव्हां सरकार मोठें असावें कीं लहान, असा एकच प्रश्न विचारला तर वऱ्हाडच्या इतिहासांतून उत्तर मिळत नाहीं. प्रश्नाचे तुकडे केले म्हणजे मात्र तो इतिहास बोलूं लागतो. तराजू तपासण्यास सरकार आलें, तें उपयोगी पडलें, आणि आजतागायत कोणत्याहि पक्षानें वजनेंमापें खासगी असावींत असें म्हटलेलें नाहीं. दुष्काळांत सरकार उशिरा आलें, तेव्हां माणसें मेलीं. सरकार एकमेव गिऱ्हाईक झालें, तेव्हां तें आपल्याच राज्याच्या हद्दीपाशीं हरलें. आणि प्रत्येक पर्वांत एक न्यून समान राहिलें: १८९७ च्या समितींत शेतकरी नव्हता, १९७२ च्या एकाधिकारांत तो रांगेंत होता, आणि २००२ च्या मोकळ्या बाजारांत तो एकटा होता. जो निर्णय घेतो तो तोटा सोसत नाहीं, आणि जो तोटा सोसतो त्यास निर्णयांत स्थान नाहीं, ही स्थिति तिन्ही व्यवस्थांनीं जशीच्या तशी ठेवली. ती पालटल्याखेरीज सरकारचा हात आंखूड केला काय आणि लांब केला काय, मेहकरच्या बाजारांत बंडी सोडणाऱ्या शेतकऱ्यास त्यांत फारसा फरक जाणवणार नाहीं.